गणित येतं, तरी मार्क जातात : प्रश्नात नसलेलं मनानं धरू नका

अच्छाड (ता. तलासरी) : शिष्यवृत्ती, एनएमएमएस, नवोदय किंवा पोलीस भरती, परीक्षा कुठलीही असो, गणिताचा पेपर झाला की पोरं एकच बोलतात, "गणित येत होतं, पण उत्तर चुकलं." उत्तरसूची हातात आली की कळतं, बेरीज बरोबर होती, गुणाकार बरोबर होता, फक्त प्रश्नात न दिलेली एक गोष्ट मनानंच धरली होती. अशा न सांगितलेल्या, नकळत धरलेल्या गोष्टीला गणिताच्या भाषेत गृहीत म्हणतात. ते कुठं लपलेलं असतं, कसं पकडायचं आणि कुठलं गृहीत धरलंच पाहिजे, याची ही उदाहरणांसह माहिती.

एका मार्काची किंमत

राष्ट्रीय महामार्ग ४८ वर गुजरात सीमेला लागून असलेल्या अच्छाडपासून डहाणूच्या किनारपट्टीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, आश्रमशाळा आहेत. अनेक घरांत शाळेत जाणारी ही पहिलीच पिढी आहे. घरात वारली किंवा दुसरी बोली, बाजारात गुजराती, शाळेत पुस्तकी मराठी. त्यात परीक्षेतला एकेक शब्द तोलून वापरलेला असतो. अशा ठिकाणी एक-दोन मार्कांनी संधी गेली तर ती परत मिळेलच असं नाही.

एनएमएमएस परीक्षा आठवीतल्या मुलांसाठी असते. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळेतल्या, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांना ती देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८ हजार. नवोदयची सहावीच्या प्रवेशाची परीक्षा पाचवीत असताना एकदाच देता येते. पालघर तालुक्यातल्या माहीमच्या नवोदय विद्यालयात त्यातूनच प्रवेश मिळतो आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात.

वेळही मोजकाच असतो. शिष्यवृत्तीच्या एका पेपरला ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. एनएमएमएसला ९० प्रश्न आणि ९० मिनिटं, प्रश्नाला बरोबर एक मिनिट. नवोदयला ८० प्रश्न आणि दोन तास, प्रश्नाला दीड मिनिट. घाई झाली की माणूस ओळखीची वाट धरतो. प्रश्न मागच्या वर्षीसारखा दिसला की तसाच सोडवून टाकतो. नेमकं तिथंच गृहीत घुसतं. शिवाय चुकीच्या पर्यायांत बहुतेक वेळा तेच उत्तर ठेवलेलं असतं जे घाईत येतं. आपलं उत्तर पर्यायात दिसलं म्हणून ते बरोबर असं समजू नये.

कुंपणाचे खांब आणि शाळेची घंटा

हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जास्त चुकणारं गणित.

प्रश्न : १२० मीटर सरळ बांधावर दर ४ मीटरवर एक खांब रोवायचा आहे. दोन्ही टोकांना खांब हवा. किती खांब लागतील?

घाईत १२० भागिले ४ बरोबर ३० असं उत्तर येतं. पण ३० ही खांबांमधल्या जागांची संख्या आहे. सुरुवातीचा खांब धरून ३१ खांब लागतील.

आता तोच प्रश्न थोडा बदलून : ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद वाडीला चारही बाजूंनी दर ४ मीटरवर खांब. परिमिती १२० मीटरच आहे, पण इथे उत्तर ३०. कारण फिरून आलो की शेवटचा खांब हाच पहिला खांब असतो.

म्हणजे "खांबाला एक मिळवायचा" असा नियम पाठ केला तर दुसरं गणित चुकतं, आणि पाठ केला नाही तर पहिलं. नियम पाठ करण्यापेक्षा १२ मीटरचं छोटं चित्र काढून मोजावं. पाच सेकंद लागतात.

घंटेचं गणितही याच जातीचं. सहा टोले वाजायला १० सेकंद लागतात, तर बारा टोल्यांना किती? दुप्पट टोले म्हणून २० सेकंद, हे चूक. सहा टोल्यांमध्ये पाच मोकळ्या जागा, प्रत्येक २ सेकंदाची. बारा टोल्यांमध्ये अकरा जागा, म्हणून २२ सेकंद.

तारखांमध्येही हेच होतं. १ मार्च ते १५ मार्च, दोन्ही दिवस धरून १५ दिवस. पण १ मार्चनंतर किती दिवसांनी १५ मार्च येतो असं विचारलं तर १४. "दोन्ही दिवस धरून" हे शब्द आहेत की नाहीत ते आधी बघावं.

सगळंच दुप्पट होत नाही

प्रश्न : एका दोरीवर टांगलेले बोंबील सुकायला २ दिवस लागतात. शेजारी तशाच आणखी चार दोऱ्या त्याच वेळी टांगल्या, तर पाचही दोऱ्यांवरचे बोंबील सुकायला किती दिवस?

डहाणूच्या किनाऱ्यावरचं पोर हसून सांगेल, दोनच दिवस. ऊन सगळ्यांना एकदमच लागतं. पण हेच पोर परीक्षेत १० दिवस लिहून येतं, कारण पेपरात १, २ आणि ५ हे आकडे दिसले की हात आपोआप गुणाकार करतो. इथे "एक वाढलं की दुसरं त्याच पटीत वाढतं" हे गृहीत धरलेलं असतं.

क्षेत्रफळाचंही असंच. शेततळ्याची लांबी दुप्पट केली आणि रुंदीही दुप्पट केली, तर क्षेत्रफळ चौपट होतं. खोलीही दुप्पट केली तर पाणी आठपट मावतं. पोरं दोन्ही ठिकाणी "दुप्पट" लिहितात.

सरासरी वेग : अर्धी बेरीज नेहमी चालत नाही

प्रश्न : अच्छाडहून ट्रक १२० किलोमीटर दूरच्या गोदामात ताशी ४० किलोमीटर वेगानं गेला आणि त्याच रस्त्यानं ताशी ६० किलोमीटर वेगानं परत आला. संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती?

४० आणि ६० ची सरासरी ५०, आणि ५० हा पर्याय हमखास दिलेला असतो. पण ५० धरताना ट्रक दोन्ही वेगांनी सारखाच वेळ चालला असं आपण मनानं मानलं. प्रश्नात सारखं काय आहे? अंतर. जायला ३ तास, यायला २ तास. एकूण २४० किलोमीटर, ५ तासांत. सरासरी ताशी ४८ किलोमीटर. हळू वेगानं जास्त वेळ गेला म्हणून सरासरी ५० च्या खाली आली.

सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. एवढं एकच लक्षात ठेवलं तरी पुरे.

टक्के कशाचे?

चिकूचा भाव किलोला ५० रुपये होता. तो २० टक्क्यांनी वाढला आणि नंतर २० टक्क्यांनी उतरला. आता भाव किती? वाढला तेवढाच उतरला म्हणून ५० लिहिणारे खूप. वाढताना २० टक्के ५० रुपयांचे होते, म्हणजे १० रुपये, भाव ६०. उतरताना २० टक्के ६० चे, म्हणजे १२ रुपये. भाव ४८.

अपूर्णांकातही हीच गोष्ट. ६० किलो चिकूंपैकी एक तृतीयांश विकले आणि उरलेल्याच्या एक चतुर्थांश नातेवाइकांना वाटले. किती उरले? २० किलो विकले, ४० उरले, त्याचे चतुर्थांश १० वाटले, ३० किलो उरले. "उरलेल्याच्या" हा शब्द नजरेतून सुटला की ६० चे चतुर्थांश १५ काढले जातात आणि उत्तर २५ येतं. टक्के किंवा अपूर्णांक दिसला की पेन्सिलनं वर लिहावं, "कशाचे?"

भागाकारात बाकी उरली तर

५० किलो चिकू आहेत, एका पेटीत ८ किलो बसतात. ५० भागिले ८ म्हणजे ६ पेट्या आणि बाकी २ किलो. आता विचारलंय काय ते बघा. "किती पेट्या पूर्ण भरतील?" उत्तर ६. "सगळा माल भरायला कमीत कमी किती पेट्या लागतील?" उत्तर ७. "किती चिकू सुटे राहतील?" उत्तर २ किलो. भागाकार एक, उत्तरं तीन. सव्वासहा पेट्या मात्र कुठंच नाही.

सहलीला १०० मुलं आणि जीपमध्ये ८ जण, तर साडेबारा जीप होत नाहीत, तेरा लागतात.

चित्रावर डोळे झाकून विश्वास नको

भूमितीत डोळा फसवतो. कोन काटकोनासारखा दिसतो म्हणून काटकोन धरला जातो. दोन बाजू सारख्या दिसतात म्हणून सारख्या मानल्या जातात. प्रश्नपत्रिकेतली आकृती मापाची असेलच असं नाही. काटकोनाची खूण, सारख्या बाजूंच्या रेघा किंवा लिहिलेलं माप असेल तेवढंच खरं.

प्रश्न : एका चौकोनाच्या चारही बाजू ६ सेंटिमीटर आहेत. क्षेत्रफळ किती? ३६ हे उत्तर चौरस धरून येतं. पण चारही बाजू सारख्या असलेला चौकोन समभुज चौकोन असतो, त्याचे कोन काटकोन असतीलच असं नाही. खाट एका बाजूला कलली की पाय तेवढेच राहतात, आकार मात्र बदलतो. तसंच हे. पर्यायात "दिलेल्या माहितीवरून सांगता येणार नाही" असेल तर ते उत्तर.

प्रश्न : त्रिकोणाच्या दोन बाजू ५ आणि १२ सेंटिमीटर. तिसरी बाजू पूर्ण संख्येत आहे, तर ती जास्तीत जास्त किती? आठवीच्या पोराला ५, १२, १३ तोंडपाठ असतं, म्हणून तो १३ लिहितो. पण काटकोन त्रिकोण असं प्रश्नात कुठं म्हटलंय? दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी पाहिजे एवढाच नियम. बेरीज १७, म्हणून तिसरी बाजू जास्तीत जास्त १६.

संख्या म्हणजे फक्त १, २, ३ नव्हे

"एक संख्या" म्हटलं की मनात मोजायची संख्या येते. शून्य, अपूर्णांक आणि ऋण संख्या विसरल्या जातात.

वर्ग केला की संख्या वाढते, हे मोठ्या संख्येला खरं. अर्ध्याचा वर्ग पाव होतो, तो लहान झाला. वर्ग ४९ असलेल्या संख्या दोन आहेत, ७ आणि उणे ७. प्रश्नात "नैसर्गिक संख्या" किंवा "धन संख्या" लिहिलं असेल तरच उणे ७ सोडावा.

प्रश्न : खालीलपैकी कोणत्या संख्येचा वर्ग आणि घन सारखाच येतो? पर्याय : ०, १, उणे १, २. बहुतेक पोरं १ वर खूण करून पुढं जातात. पण ० चाही वर्ग ० आणि घन ०. म्हणजे दोन पर्याय बरोबर.

आणि इथंच एक मोठं गृहीत आहे, "बरोबर पर्याय एकच असतो." आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना दोन अचूक पर्याय असू शकतात आणि दोन्ही रंगवले तरच गुण मिळतात. पहिला बरोबर पर्याय सापडला की थांबणाऱ्याचे तिथं दोन मार्क गेले. प्रश्नात "दोन अचूक पर्याय निवडा" अशी सूचना आहे का ते बघितलंच पाहिजे.

मालिका : पहिल्या तीन आकड्यांवर ठरवू नका

बुद्धिमत्ता चाचणीत १, २, ४ अशी मालिका सुरू झाली की पुढं ८ येणार असं वाटतं. पण पूर्ण मालिका १, २, ४, ७, ११ अशी असेल तर ती दुप्पट होत नाहीये. फरक १, २, ३, ४ असा वाढतोय, म्हणून पुढची संख्या १६. गंमत म्हणजे दुप्पट करणाऱ्या मालिकेतही १६ येतो, पण वेगळ्या जागी. सापडलेला नियम दिलेल्या प्रत्येक संख्येला लावून बघावा. एका ठिकाणी बसला नाही तर नियमच चुकीचा.

दिनदर्शिकेत फेब्रुवारी बघावा. १ फेब्रुवारी २०२८ ला मंगळवार आहे, तर १ मार्चला कोणता वार? फेब्रुवारी २८ दिवसांचा धरला तर मंगळवारच येतो. पण २०२८ हे लीप वर्ष, फेब्रुवारी २९ दिवसांचा, म्हणून बुधवार. चारनं भाग गेला की लीप वर्ष, हेही दरवेळी खरं नाही. शतकाच्या वर्षाला ४०० नं भाग जावा लागतो. म्हणून २००० लीप होतं, २१०० नसेल.

एकक आणि प्रमाण

एककाची गफलत सीमेवरच्या गावाला नवी नाही. गुजरातच्या बाजारात मण म्हणजे २० किलो. आपल्याकडच्या जुन्या हिशेबात मण म्हणजे ४० शेर, म्हणून कित्येक जण ४० किलो धरतात. एकच शब्द, माल दुप्पट. म्हणून व्यापाऱ्याला आधी विचारावं लागतं, मण कुठला? परीक्षेतही वेग ताशी दिलाय आणि वेळ मिनिटात, लांबी मीटरमध्ये आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये, असं मुद्दाम केलेलं असतं. जमिनीच्या गणितात १ एकर म्हणजे ४० गुंठे आणि १ हेक्टर म्हणजे १०० आर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे असले तरी एक नव्हेत.

प्रमाणातही असंच. वर्गात मुलगे आणि मुलींचं प्रमाण ३:४ आहे, म्हणजे तीन मुलगे आणि चार मुली नव्हेत. मुली मुलग्यांपेक्षा एकनंच जास्त, असंही नाही. एवढंच कळतं की एकूण संख्येला ७ नं भाग जातो. पर्याय ३०, ३२, ३५, ४० असतील तर ३५.

कोणती गृहीतं धरायचीच असतात?

आता याची दुसरी बाजू. काहीच गृहीत धरायचं नाही असं ठरवलं तर एकही गणित सुटणार नाही. पाच मजूर सहा दिवसांत भात कापतात तर दहा मजूर किती दिवसांत, या प्रश्नाला शेतकऱ्याचं पोर म्हणेल, सगळे मजूर सारखं काम कुठं करतात? एखादा बिडी ओढत बसतो, एखाद्या दिवशी पाऊस येतो. त्याचं म्हणणं खरं आहे, पण परीक्षेत उत्तर ३ दिवस. काही गोष्टी परीक्षेत मान्य केलेल्या असतात. त्या अशा :

- काळ-काम-वेगाच्या गणितात सगळे मजूर सारख्या गतीनं काम करतात.
- गाडीचा वेग दिला असेल तर वाटेत तो बदलत नाही. थांबा असेल तर प्रश्नात सांगतात.
- शेकडा नफा किंवा तोटा खरेदी किमतीवर काढतात. ८० ला घेऊन १०० ला विकलं तर नफा २५ टक्के, २० नव्हे.
- फासा किंवा नाणं खोट नसलेलं असतं.
- नळाचं पाणी सारख्याच धारेनं पडतं.

ओळखायचं कसं? ज्या गृहीताशिवाय गणित सुटतच नाही आणि पाठ्यपुस्तकात जे दरवेळी धरलेलं असतं, ते धरावं. जे धरलं नाही तरी गणित सुटतं, ते धरू नये. मजूर सारखे मानले नाहीत तर उत्तरच निघत नाही, म्हणून ते मानावं. त्रिकोण काटकोन मानला नाही तरी मोठ्यात मोठी बाजू काढता येते, म्हणून तो मानू नये.

पेपर काढणारेही चुकतात

गृहीत फक्त मुलंच धरतात असं नाही. अमेरिकेत कॉलेज प्रवेशासाठी एसएटी नावाची परीक्षा असते. मे १९८२ च्या पेपरात एक प्रश्न होता. लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश. लहान वर्तुळ मोठ्याच्या कडेनं घरंगळत एक फेरी मारून मूळ जागी येईपर्यंत स्वतःभोवती किती वेळा फिरेल? परीघ तिप्पट, म्हणून ३ असं पेपर काढणाऱ्यांनी मानलं. बरोबर उत्तर ४ आहे, आणि ते पर्यायातच नव्हतं. सुमारे तीन लाख मुलांनी ती परीक्षा दिली होती. चूक लिहून कळवली ती तीन विद्यार्थ्यांनी. नंतर तो प्रश्न गुणांतून वगळावा लागला.

हे घरी करून बघता येतं. दोन सारखी नाणी घ्या. एक बोटानं दाबून ठेवा, दुसरं त्याच्या कडेनं न घसरता फिरवा. परीघ सारखा म्हणून एकदाच फिरेल असं वाटतं. नाण्यावरच्या आकड्याकडे लक्ष ठेवा, ते दोन वेळा फिरतं. एक फेरा कडेच्या लांबीचा आणि एक फेरा गोल वाटेनं जाण्याचा.

त्याआधी १९८० मध्ये अमेरिकेतल्याच पीएसएटी परीक्षेत असं झालं होतं. सगळे त्रिकोण समभुज असलेला चौरस पायाचा मनोरा आणि तेवढ्याच समभुज त्रिकोणांचा चार पृष्ठांचा ठोकळा एकमेकांना पृष्ठाला पृष्ठ लावून चिकटवले, तर नव्या ठोकळ्याला किती पृष्ठं? ५ आणि ४ मिळून ९, चिकटलेली २ वजा, उत्तर ७ असं ठरलेलं होतं. फ्लोरिडातल्या एका विद्यार्थ्यानं ५ लिहिलं आणि त्याला चूक मिळालं. प्रत्यक्षात दोन ठिकाणी शेजारशेजारचे त्रिकोण एकाच सपाटीत येऊन एक पृष्ठ होतात, त्यामुळे ५ च बरोबर. ठोकळा बनवून दाखवल्यावर ते मान्य झालं.

आपल्याकडेही दाद मागायची सोय आहे. शिष्यवृत्ती परीक्षा घेणारी पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची जाहीर करते. त्यावर ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन हरकत घेता येते, मग अंतिम उत्तरसूची लागते. "आमच्या पोराला काय कळतंय" असं म्हणून पालकांनी गप्प बसू नये. पोरानं वेगळं उत्तर काढलं असेल तर ते शिक्षकांना दाखवावं, पाठ्यपुस्तकातलं पान जोडावं आणि मुदतीत हरकत टाकावी. मुदत गेली की काही करता येत नाही.

सराव कसा करायचा?

परीक्षेत हे सगळं एका मिनिटात करायचं तर सवय आधी लागली पाहिजे. त्यासाठी पैसे लागत नाहीत, क्लासही लागत नाही.

१. प्रश्न वाचला की आधी शेवटचं वाक्य परत वाचावं. विचारलंय काय? उरलेले की विकलेले, दिवस की तास?

२. या शब्दांखाली रेघ मारावी : प्रत्येकी, एकूण, उरलेल्या, कमीत कमी, जास्तीत जास्त, फक्त, अनुक्रमे, दोन्ही धरून, नाही, वगळून. "कोणते विधान चूक आहे" असं विचारलेलं असताना बरोबर विधानावर खूण करून येणारी मुलं कमी नसतात.

३. उत्तर काढल्यावर एकच प्रश्न स्वतःला विचारावा, "मी असं काय धरलं जे इथं लिहिलेलं नाही?"

४. उत्तर प्रश्नात परत घालून बघावं. ३० किलो उरले म्हणताय, तर ३० अधिक १० अधिक २० बरोबर ६० होतात का?

५. शून्य, अपूर्णांक आणि ऋण संख्या घालून बघाव्यात. "नेहमी" आणि "कधीच नाही" असे शब्द असतील तर हमखास.

६. चुकलेल्या गणितांची वेगळी वही करावी. समोर "आकडेमोड चुकली", "सूत्र माहीत नव्हतं" की "गृहीत धरलं" यापैकी एक लिहावं. महिनाभरात कळतं, मार्क कुठं जातात.

७. घरी एकाच गणिताचा एक शब्द बदलून पुन्हा विचारावं. सरळ बांध म्हणा, मग चौफेर कुंपण म्हणा. उत्तर बदललं का, हे पोराला सांगू द्यावं.

शेवटचं काम निरक्षर आई-बापालाही करता येतं. चिकूच्या पेट्या भरताना, भाताच्या गोणी मोजताना, गाडीभाडं देताना पोराला विचारा, "आणि असं झालं तर?" गणिताचं पुस्तक उघडायची गरज नाही.

परीक्षेच्या नियमांतही गृहीत नको

शिष्यवृत्ती, एनएमएमएस आणि नवोदय या परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून प्रश्न कोरा सोडू नये. पण प्रत्येक परीक्षेत असंच असतं असं धरू नये, पुढच्या स्पर्धा परीक्षांत काही ठिकाणी गुण कापले जातात. शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला होती, ती पुन्हा चौथी आणि सातवीला नेण्याचा निर्णय शासनानं २०२५ मध्ये घेतला. त्यामुळे मोठ्या भावाच्या वेळचे नियम धाकट्याला लागू होतीलच असं नाही. ज्या वर्षी परीक्षा, त्या वर्षीचं माहितीपत्रक शाळेतून घेऊन वाचावं. अर्जाची तारीख, लागणारे दाखले, पेपरची वेळ, दोन पर्यायांची सूचना, सगळं त्यात असतं. दाखल्यासाठी तलासरी किंवा डहाणूच्या तहसील कार्यालयात आयत्या वेळी गर्दी होते, म्हणून उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवलेला बरा.